जिन्यातला चौदा

आमच्या इमारतीला मजले अठरा. लिफ्टमधलं शेवटचं बटण मात्र एकोणीसचं. हा जास्तीचा मजला आला कुठून, हे सांगू शकणारा त्या इमारतीत आता माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही, आणि मी ते दहा वर्षं सांगितलं नाही. त्यापायी एक माणूस खोटारडा ठरवला गेला. मी ठरवला, असं लिहायला हवं. ‘ठरवला गेला’ वगैरे आता पुरे.

इमारत दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गापासून पायी पाच मिनिटांवर. मी तिथे चोविसाव्या वर्षी लागलो, बिल्डिंग ऑफिसात असिस्टंट म्हणून. वडील मंत्रालयात होते. पहाडगंजच्या मराठी शाळेत घालून, पुढे बी.कॉम. करून मुलगा दुसऱ्यांच्या ऑफिसांची झाडलोट बघणार, हे त्यांना लागलं होतं. “भाडेकरूंचा भाडेकरू झालास,” एवढंच म्हणाले. ऑफिस तळघरात होतं. वर अठरा मजले आणि खाली आम्ही.

माझं पहिलं काम लॉबीतल्या बोर्डाचं. काळ्या फेल्टवर पांढरी प्लास्टिकची अक्षरं खोचायची, कोण कुठल्या मजल्यावर ते. मी आलो तेव्हा तळमजल्यावर दोन विमान कंपन्यांची तिकिटांची ऑफिसं होती, चौथ्यावर चहाची निर्यात करणारे, सातव्यावर दक्षिणेतल्या एका वर्तमानपत्राचं दिल्ली कार्यालय, सगळ्यात वर एक म्हातारे वकील. मग लोक तिकिटं घरबसल्या काढायला लागले, विमानवाले गेले, तिथे बँक आली. चहावाल्यांच्या जागी कॉल सेंटर आलं आणि चौथ्या मजल्यावरच्या दार्जिलिंगच्या वासाला महिनाभरात बर्गरचा वास लागला. वर्तमानपत्रवाले नोएडाला गेले. मी एकेक अक्षर उपटत होतो, खोचत होतो. ‘ट’ नेहमी कमी पडायचा.

भाडेकरू जागा सोडतो तेव्हा सगळं उचकटून नेतो. एसी, गालिचे, दिव्यांच्या पट्ट्या. एकाने तर बाथरूमचे नळ नेले. देवाची तसबीर मात्र ठेवून जातो. नव्या ऑफिसात नवी पूजा, नवा फोटो, आणि जुना टाकायचा धीर कुणाला होत नाही. ते सगळे फोटो तळघरात आमच्याकडे यायचे. लक्ष्मी, गणपती, साईबाबा, गुरू नानक, एक काबाचा फोटो, एक मदर मेरी. एका लोखंडी कपाटात आम्ही ते उभे करून ठेवले होते, दार उघडंच. सकाळी आठ वाजता ड्यूटीवर जाण्याआधी गेटवरचा गार्ड खाली येऊन त्या सगळ्यांना मिळून एक उदबत्ती लावायचा.

“किसके लिए जलाते हो?” मी एकदा विचारलं.

“जो सबसे पहले सुन ले, साहब,” तो म्हणाला. “बेचारे सब बिना किराये के हैं।”

तो बुलंदशहरकडचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, आठवी पास, गेटवर आणि पार्किंगमध्ये सात वर्षं काढलेला. गाड्यांचे नंबर त्याला तोंडपाठ असत. अडीचशे तरी असतील. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी म्हटलं की त्याला आकडे कळत नाहीत.

आता तो जास्तीचा मजला.

तेराव्या मजल्यावर एक परदेशी कंपनी येणार होती. करार झाला, अत्तराच्या वासाचे लोक येऊन मोजमापं घेऊन गेले, आणि शेवटच्या दिवशी त्यांचा इथला मॅनेजर कसनुसं हसत म्हणाला, “हमारे चेयरमैन तेरहवीं मंज़िल पर नहीं बैठेंगे।”

आमचे मोठे साहेब, म्हणजे बिल्डिंग मॅनेजर, फौजेतून आलेले. त्यांनी डोळ्याची पापणीही हलवली नाही. “तो चौदहवीं पर बिठा देते हैं।”

एका दुपारीत लिफ्टवाल्याने बटणं बदलली. बारानंतर चौदा. त्याच्यावरचे सगळे एकेक घर वर सरकले, आणि अठराव्यावरचे वकील झाले एकोणिसाव्यावरचे. ते काठी टेकत तळघरात आले. “एक मंज़िल तो चढ़ा दी, किराया मत चढ़ाना!” आम्ही खूप हसलो. मी बोर्डावरचे आकडे बदलले, चाव्यांच्या बिल्ल्यांवरचे आकडे बदलले. राहिला जिना. जिन्यात प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर हातभर उंचीचा हिरवा आकडा रंगवलेला होता. तेरापासून वरचे सहा आकडे बदलायचे होते. पेंटर आला तेव्हा मी त्याला आधी लॉबीला लावलं, कारण ते चेअरमन सोमवारी यायचे होते. लॉबी संपेपर्यंत त्याचे दिवस संपले. कामाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: लॉबी, बोर्ड, लिफ्ट, जिना. मी चारहींपुढे बरोबरची खूण केली आणि सही केली. अठरा मजल्यांच्या इमारतीत जिना चढतो कोण?

चेअरमन एकदाच आले. कंपनी तीन वर्षांत गेली. चौदा मात्र चौदाच राहिला.

मग लॅपटॉप चोरीला जायला लागले. चोर जिन्यातून येतात असं भाडेकरूंचं म्हणणं पडलं. त्यांनी जिन्याच्या दारांना कुलपं मागितली, आम्ही लावली. चाव्या रिसेप्शनच्या मागे फळीवर, प्रत्येकीला बिल्ला, बिल्ल्यावर माझ्या हातचा आकडा. आग लागली तर गार्डने चावी घेऊन पळायचं, अशी पद्धत. तिची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी व्हायची, म्हणजे रजिस्टरवर सह्या व्हायच्या. कुलूप हा आम्हा सगळ्यांचा गुन्हा होता, त्याचा वाटा मी नाकारत नाही. पण आकडा एकट्या माझा.

आग लागली तेव्हा लिफ्टच्या चौदाव्या मजल्यावर एक क्लास होता. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा. तीस-पस्तीस मुलं-मुली, इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून यायची आणि लिफ्टमध्ये ओठ हलवत उत्तरं पाठ करायची. त्यांत महाराष्ट्रातलीही असायची. परभणीकडची एक मुलगी मला भेटली की मराठीत बोलायची. माझ्या बोलण्यात दर दोन वाक्यांना ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ यायचं, त्याचं तिला फार हसू.

“काका, तुमचं मराठी म्हणजे बाहेर पाटी महाराष्ट्र भोजनालय आणि आत राजमा-चावल!”

“बिल्कुल,” मी म्हणायचो, मुद्दाम.

शुक्रवार होता, दुपारचा एक. त्या आठवड्यात रिसेप्शनचा गार्ड रजेवर होता, म्हणून गेटवरच्याला आत उभा केला होता. मी तळघरात आगीच्या अलार्मच्या पॅनेलसमोर जेवत होतो. चौदाचा लाल दिवा लागला. वायरिंगच्या शाफ्टमध्ये काहीतरी पेटलं होतं. लिफ्ट बंद पडल्या. मी इंटरकॉम उचलला आणि ओरडलो. ते शब्द मला अक्षर न् अक्षर आठवतात.

“चौदह की चाबी ले! चौदह पर जा! भाग!”

तो पळाला. इतकी वर्षं गेटवर काढलेला माणूस, या जिन्याने कधी दुसऱ्या मजल्यापर्यंतही चढलेला नव्हता. दिवे गेलेले. हातात छोटी बॅटरी. आकडे बघत बघत तो वर गेला. भिंतीवरच्या तेरापाशी आला तेव्हा त्या दारामागे सामसूम होती, कारण मुलं अजून पलीकडे लिफ्टपाशी बटणं दाबत होती. तो तिथे थांबला नाही. थांबेल कशाला? त्याला चौदा सांगितलं होतं. आणखी एक मजला चढून जिथे चौदा लिहिलं होतं तिथे त्याने चावी लावली. फिरेना. उलटी केली, सुलटी केली, थुंकी लावली, खांदा मारला. कुलूप अडकलंय असंच त्याला वाटलं. ते लिफ्टच्या पंधराचं कुलूप होतं. ते त्या चावीने उघडणार कसं?

तोवर खालच्या दारावर हात आपटायला लागले. अलार्म ठणाणत होता, जिन्यात आवाज कुठून येतो कळत नाही. कुणी म्हणतं सात मिनिटं गेली, कुणी म्हणतं दहा. मग तो आवाजाच्या मागे खाली आला, तेरावर, आणि तीच चावी तिथे लावली. फिरली.

मुलं एकमेकांवर कोसळत बाहेर आली. धूर त्यांच्यामागून जिन्यात घुसला आणि वर चढला. सगळ्यात शेवटी आत पडलेली ती परभणीकडची मुलगी त्यानेच खांद्यावर टाकून तेरा मजले खाली आणली. मी लॉबीत होतो. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, अँब्युलन्समध्ये बसलो, मराठीत काहीबाही बोलत राहिलो. ती वाचली. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो तेव्हा तिचा आवाज फाटलेला होता, आणि तो पुढे तसाच राहिला असं नंतर कळलं. मुलाखत पंधरा दिवसांवर होती. मला बघून ती त्या आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही होतात म्हणून.”

मी तिला म्हटलं नाही की मी नव्हतो, तो होता. मी म्हटलं, “बिल्कुल बोलायचं नाही, आराम करायचा.”

मी हॉस्पिटलात गेलो त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, साहेबांनी मला बोलावलं होतं. सोमवारी चौकशीला तिघे जण येणार होते. साहेब खिडकीकडे बघत बोलले, “सोमवार तक सब ठीक-ठाक दिखना चाहिए।” ते आता नाहीत. त्यांना काय माहीत होतं, किती माहीत होतं, मी सांगू शकत नाही. जिन्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मला ते काढायची गरज नव्हती, कारण शुक्रवारी संध्याकाळीच मी तो जिना चढून आलो होतो आणि भिंतीवरचे हिरवे आकडे बघितले होते.

रविवारी हॉस्पिटलातून मी थेट इमारतीत गेलो. घरी सांगितलं होतं, काम आहे. भर दुपार, इमारत रिकामी. स्टोअरमधून पांढऱ्या रंगाचा डबा, काळ्या रंगाचा डबा, आकड्यांचे पत्र्याचे साचे घेतले. सहा मजले. जुना हिरवा आकडा पांढऱ्याने झाकायचा, वाळू द्यायचा, वर काळा नवा मारायचा. तेराचा चौदा, चौदाचा पंधरा, असं करत एकोणीसपर्यंत. भिंती काजळीने मळलेल्या होत्या, त्यामुळे माझे पांढरे चौकोन लांबून दिसायला लागले. मग मी खिशातून रुमाल काढला, शेजारच्या भिंतीवरची काजळी त्याला पुसून घेतली, आणि माझ्या नव्या आकड्यांवर हलक्या हाताने फिरवली. एकेक आकडा जुना करत गेलो. वाईट काम करतानाही हात किती नीट चालतो! कडेला कमी, मध्ये थोडी जास्त.

रात्री बायको धुवायचे कपडे गोळा करत होती. “अहो, हा रुमाल बघा. नुसती काजळी!”

“ऑफिसात आग लागली होती ना.”

“मग रुमालाने विझवलीत का?” ती हसली.

सोमवारी तिघे आले. मालकांचा वकील, विम्याचा माणूस, आणि गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर. गार्डला उभं केलं. तो सरळ म्हणाला, “साहब, जहाँ चौदह लिखा था, मैं वहीं था। चाबी नहीं लगी।”

“दिखाओ।”

सगळे चढलो. मी मागे. तो पुढे, जवळजवळ पळत, आपलं खरं आहे हे दाखवायला उतावीळ झालेला. दाराशी पोचला, भिंतीकडे हात केला, आणि हात तसाच हवेत राहिला. भिंतीवर पंधरा होता. मळका, जुना पंधरा.

“ये तो पंद्रह है,” वकील धापा टाकत म्हणाला. “गिनती आती है ना?”

“आठवीं पास हूँ, साहब।”

“नौवीं में आती होगी,” सुपरवायझर म्हणाला आणि विम्याचा माणूस हसला.

वकिलाने माझ्याकडे वळून विचारलं, हा नंबर कधीपासून आहे. मी म्हटलं, “शुरू से, सर। जब से लिफ्ट के बटन बदले।”

इतकंच खोटं बोललो मी. एक वाक्य. गार्डने भिंतीला तळवा लावला. मग तो माझ्याकडे बघायला लागला. रागाने नाही. उदबत्ती लावताना त्या कपाटाकडे बघायचा तसा, कोण आधी ऐकतंय अशा नजरेने.

“साहब, आप तो जानते हैं।”

मी फाइलमध्ये बघत होतो.

अहवालात लिहिलं गेलं की गार्ड घाबरून चुकीच्या मजल्यावर गेला आणि नंतर दिशाभूल करायला खोटं बोलला. दुसऱ्या दिवशीपासून बाकीचे गार्ड त्याला ‘पंद्रह नंबर’ म्हणायला लागले. “ओ पंद्रह नंबर, चाय कितने की? बीस की? गिन के बता!” आठवड्यात एजन्सीने त्याला काढलं. त्याच्या गावाकडचे चार-पाच जण याच धंद्यात होते. ते नाव त्याच्या गल्लीत त्याच्याआधी पोचलं.

तो माझ्याकडे तीनदा आला. काम परत मागायला नाही. “आप बस इतना लिख दो कि नंबर पहले दूसरा था।” दोनदा मी म्हटलं, मला आठवत नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “बिटिया चौथी में है। पूछती है, पापा, आप झूठ बोले थे? उसको क्या बोलूँ?”

मी म्हटलं, “मेरी मीटिंग है।” खरोखर नव्हती.

त्यानंतर उदबत्ती कुणी लावली नाही. त्या कपाटाचं दार मी लावून घेतलं.

चार वर्षांपूर्वी आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. एक दिवस बायको म्हणाली, मागच्या गेटपाशी कडुनिंबाखाली इस्त्रीवाला आहे, फार छान घड्या घालतो, मी तुमचे शर्ट त्याच्याकडेच देते. एका सकाळी मागच्या गेटने निघालो आणि तो दिसला. डोक्याचे केस पिकलेले, कोळशाच्या इस्त्रीवर वाकलेला, पाठ तीच. त्या दिवसापासून मी पुढच्या गेटने जातो. मेट्रोला सात मिनिटं जास्त लागतात. बायकोला सांगितलं, तिकडे कुत्री फार आहेत. शर्ट मात्र येत राहिले, आठवड्याला सहा. आणि मी ते घालत राहिलो.

आता इमारत पुन्हा बदलतेय. सगळे मजले मिळून एकाच कंपनीने घेतले आहेत. ती टेबलं भाड्याने देणार, दिवसावारी. भिंती पाडल्या, लिफ्ट उतरवल्या. तेराची कुणालाच भीती नाही; त्यांच्या ॲपमध्ये मजले खरे हवेत, म्हणून अठराचे अठरा. मला सल्लागार म्हणून ठेवलंय, कारण कुठली वायर कुठे जाते हे मलाच माहीत.

मागच्या शुक्रवारी मी जिन्यात होतो. पेंटर खरवडपट्टीने जुना रंग काढत होता. माझ्या पंधराचा पापुद्रा निघाला, त्याखालचा पांढरा निघाला, आणि खालून हिरवा चौदा वर आला. त्याच्यावर काळा थर होता. पेंटरने बोटाने पुसून बघितलं. “साहब, नीचे दूसरा नंबर है। और ऊपर धुआँ लगा है। पुट्टी मार दूँ?”

काजळी हिरव्या आकड्यावर होती आणि पांढऱ्या रंगाच्या खाली होती. म्हणजे धूर चढला त्या दिवशी भिंतीवर चौदाच होता, आणि तो नंतर कुणीतरी झाकला. दहा वर्षं हा पुरावा माझ्याच रंगाने सांभाळून ठेवला होता. पेंटरच्या दुसऱ्या हातात पुट्टीचा पत्रा भरलेला होता. एक हात फिरवला की संपलं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून काय येणार हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

“रुक,” मी म्हटलं.

तेवढ्यात नव्या कंपनीची मॅनेजर टॅबलेट घेऊन वर आली. तिशीची, धावपळीतली, सगळं आज हवं असणारी. “सर, स्टेअरकेस आज क्लोज़ करना है। कोई इश्यू है?”

“हाँ। है।”

तिला उभ्या उभ्या सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “लेकिन सर, ये किस टेनेंट का मैटर है?”

कुणाचाच नाही. क्लास गेला, एजन्सी गेली, साहेब गेले. मी म्हटलं, सोमवारपर्यंत या भिंतीला हात लावू नका. संध्याकाळी घरी सगळं लिहून काढलं, दोन प्रतींत, सही केली. मग बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तो रुमाल मी धुतला होता.” आणि उठून आत गेली.

शनिवारी सकाळी मागच्या गेटने गेलो. तो एका चादरीवर पाणी शिंपडत होता. मला बघून थांबला नाही.

मी कागद पुढे केला. त्याने हात दाखवले, कोळशाचे. “काग़ज़ तो उस दिन भी था।”

“मैंने उस नंबर पर—”

“मालूम है। उस दिन आपके नाख़ून में सफ़ेद लगा था।” त्याने चादर उलटली. “शर्ट भी पहचानता हूँ। मेमसाब देती हैं। दायाँ कफ़ घिसता है आपका। लिखते बहुत हैं।”

चार वर्षं. मी म्हटलं, रंग खरवडलाय, खाली चौदा निघालाय, धुरासकट. सोमवारी झाकतील.

तेव्हा इस्त्री थांबली. त्याने चादरीची घडी पूर्ण केली, कोळसे पत्र्यावर ओतले, त्यावर पाणी मारलं. शेजारच्या भाजीवाल्याला म्हणाला, “ज़रा देखना। गिनती करके आता हूँ।”

मेट्रोत त्याला जागा मिळाली तरी तो बसला नाही. मीही उभाच. राजीव चौकला उतरलो.

इमारतीत लिफ्ट नव्हतीच. जिन्याच्या पायथ्याशी त्याने चपला काढल्या, का ते मी विचारलं नाही. आणि चढायला लागला. प्रत्येक मजल्यावर थांबायचा, भिंतीला तळवा लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा.

“एक।”

“दो।”

सातव्यावर त्याला दम लागला. नवव्यावर मला. मी म्हटलं, थोडं बसूया. तो म्हणाला, “उस दिन नहीं बैठा था।” वरून कामगार डोकावून बघत होते. बारा. तेरा. तिथे त्याने भिंतीला नाही, दाराला हात लावला, क्षणभर. मग वर.

हिरव्या आकड्यापुढे तो उभा राहिला. हातभर उंच, अर्धा काळा.

“चौदह,” तो म्हणाला. बोट त्यावरून ओढलं आणि बोटाचं टोक बघितलं. “ये उसी दिन का है।”

“हाँ।”

त्याने खिशातून फोन काढला आणि कुणाला तरी व्हिडिओवर लावला. पडद्यावर पांढऱ्या गणवेशातली मुलगी दिसली, मागे हॉस्पिटलचा कॉरिडॉर. नर्सिंग शिकतेय. चौथीतली बिटिया.

“पापा, ड्यूटी पर हूँ। क्या हुआ? कहाँ हो?”

त्याने फोन आधी भिंतीकडे केला, आकडा नीट दिसेपर्यंत धरला, आणि मग माझ्याकडे वळवला.

“ये कौन हैं, पापा?”

“जिनके शर्ट आते हैं।” आणि मला म्हणाला, “बोलिए।”

मी म्हटलं की तुमचे वडील खोटं बोलले नव्हते. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही.

“ज़ोर से,” तो म्हणाला. “नीचे गेट तक जाए। और शुरू से।”

दोन मजले वर ठोकठोक थांबली होती. पेंटर पुट्टीचा पत्रा हातात धरून पायरीवर बसला होता. मी भिंतीला हात टेकला, आधी माझं नाव सांगितलं, मग हुद्दा. मग त्या चेअरमनपासून सुरुवात केली. आकडा कुणी बदलला, जिना कुणी राहू दिला, सही कुणाची. रविवारी दुपारी रंगाचे डबे घेऊन कोण चढलं. ती मुलगी ऐकत होती. तो फोन धरून उभा होता, आणि हात दुखला तेव्हा त्याने तो बदलला, पण खाली घेतला नाही.